मंगळावर माणूस पाठवायचाय? मग वही मागच्या पानापासून उघडा

कारखान्याच्या भांडारात माझी एकतीस वर्षं गेली. बिन कार्ड (डब्यातली शिल्लक लिहायचं कार्ड), इंडेंट (मालाची मागणी), गेटपास आणि वर्षअखेरची मोजदाद, एवढंच माझं विज्ञान. त्यामुळे अकरावीतली पुतणी 'परग्रहावर माणूस पाठवण्यातल्या अडचणी' हा प्रकल्प घेऊन माझ्याकडे आली तेव्हा मी आधी हात वर केले. तिनं चौदा मुद्द्यांची यादी केली होती: किरणोत्सर्ग, हाडं झिजणं, एकटेपणा, धूळ, अन्न, इंधन वगैरे. वहीच्या पहिल्या पानावर रॉकेटचं छान रंगीत चित्र होतं. यादीत चूक काहीच नव्हती, पण प्रत्येक मुद्दा आपापल्या ओळीत गप्प बसलेला. कशामुळे काय अडतं आणि किती अडतं, याचा पत्ता नाही.

मी म्हटलं, "वही उलटी कर. मागच्या पानापासून लिहू."

"का, काका?"

"माणसं परत यायला हवीत ना? परतीला काय लागतं ते कळल्याशिवाय जाताना काय न्यायचं ते कसं ठरवणार?"

पुढचे तीन आठवडे आम्ही ती वही भरली. ज्याला हा विषय नुसता वाचायचा नाही, हातानं मांडून बघायचाय, त्याच्यासाठी आमची रीत लिहितो. लागतं काय, तर दोनशे पानी वही, पेन्सिल (पेन नको, खोडायला खूप लागतं), कंपास, कोनमापक, दोन बटणं आणि घातांक काढू शकणारा कॅल्क्युलेटर.

ग्रह ठरवण्यात वेळ घालवू नका

शुक्र जवळ आहे, पण पृष्ठभागावर साडेचारशे अंश सेल्सिअसच्या वर तापमान आणि पृथ्वीच्या नव्वद पट दाब. १९८२ साली उतरलेलं सोव्हिएत 'व्हेनेरा १३' यान तिथे १२७ मिनिटं तगलं, आणि तेही कौतुकाचं. बुध सूर्याच्या इतका जवळ आहे की तिथे वेग आवरायलाच प्रचंड इंधन जातं. गुरू आणि शनीला पाय ठेवायला जमीन नाही. राहिला मंगळ. एका ओळीत हे लिहून पान उलटा.

दोन बटणांचं वेळापत्रक

भांडारात कुठल्याही मालाचा पहिला प्रश्न 'कितीला' हा नसतो, 'कधी येणार' हा असतो. म्हणून आधी तारखा.

कागदावर मध्यभागी सूर्याचा टिंब काढा. त्याभोवती १० सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ पृथ्वीचं, आणि सव्वापंधरा सेंटीमीटरचं मंगळाचं. खऱ्या कक्षा इतक्या गोल नसतात, मंगळाची तर बरीच लांबट आहे, पण आपल्या कामाला हे पुरतं. पृथ्वीचं बटण महिन्याला ३० अंश सरकवा, मंगळाचं १६ अंश. म्हणजे पृथ्वी दर महिन्याला १४ अंशांनी पुढे जाते. ३६० ला १४ नं भागलं की साधारण २६ महिने येतात. दोन ग्रह पुन्हा तशाच जागी यायला लागणारा वेळ तो हाच.

सगळ्यात कमी इंधनाची वाट म्हणजे सूर्याभोवती अर्धी लंबवर्तुळाकार चक्कर. तिला सुमारे २५९ दिवस, साडेआठ महिने लागतात. तेवढ्या वेळात मंगळ १३६ अंश सरकतो. अर्ध्या चकरेचे १८० वजा १३६, तेव्हा निघताना मंगळ आपल्यापुढे ४४ अंशांवर हवा, तरच आपण पोचू तेव्हा तो तिथे असेल. बटणं तशी ठेवा आणि सरकवत न्या. यान मंगळावर पोचलं तेव्हा पृथ्वी कुठे आहे? ती २५५ अंश फिरून मंगळाच्या ७५ अंश पुढे निघून गेलेली असते.

इथे पुतणी थांबली आणि म्हणाली, "मग परत कसं यायचं?" तिथेच खरी मेख आहे. परतीच्या वाटेसाठी पृथ्वी मंगळाच्या ७५ अंश मागे असावी लागते. म्हणजे तिला अजून २१० अंशांची (३६० वजा दोनदा ७५) आघाडी घेऊन मागून वळसा घालून यायचंय. महिन्याला १४ अंश या हिशेबानं पंधरा महिने. हौस असो वा नसो, माणसांना मंगळावर पंधरा महिने काढावेच लागतात. जायला साडेआठ, राहायला पंधरा, यायला साडेआठ: बत्तीस महिने, दिवसांत सुमारे ९७२. इंधन जास्त जाळलं तर प्रवास सहा-सात महिन्यांचा होतो (नासाची पर्सिव्हिअरन्स ही गाडी घेऊन गेलेलं यान ३० जुलै २०२० ला निघून १८ फेब्रुवारी २०२१ ला उतरलं), पण प्रवासात वाचलेले दिवस बहुतेक मुक्कामातच जमा होतात.

हे सव्वीस महिन्यांचं चक्र खरं आहे का, याचा ताळा करून बघा. मंगळावर गेलेल्या यानांच्या निघण्याच्या तारखा एकाखाली एक लिहा: क्युरिऑसिटी नोव्हेंबर २०११, मंगळयान नोव्हेंबर २०१३, युरोपचं ट्रेस गॅस ऑर्बिटर मार्च २०१६, इनसाइट मे २०१८, पर्सिव्हिअरन्स जुलै २०२०. चोवीस, अठ्ठावीस, सव्वीस, सव्वीस. कक्षा लांबट असल्यामुळे थोडं मागेपुढे होतं, पण गाडी ठरल्या वेळेलाच सुटते. इनसाइट खरं तर मार्च २०१६ लाच निघायचं होतं. त्याच्या भूकंपमापकाच्या निर्वात कवचाला बारीक गळती सापडली. दुरुस्ती सव्वीस महिन्यांची नव्हती, पण थांबावं लागलं सव्वीस महिने.

माझ्या मते हे पान सगळ्यात महत्त्वाचं. ९७२ हा आकडा वहीच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर लिहून ठेवा. पुढचं सगळं त्यानंच गुणायचंय.

शेवटचं पान: चार माणसं घरी

आता वही उलटी. अगदी शेवटच्या पानावर लिहा: चार माणसं, सुखरूप, पृथ्वीवर. त्याच्या आदल्या पानावर ती ज्यातून आली ते जहाज. पृथ्वीच्या हवेत शिरणारी कुपी, साडेआठ महिने राहायची खोली, अन्न, यंत्रं, सगळं मिळून आम्ही ४० टन धरलं. हा आमचा अंदाज. तुम्ही ३० धरा, ५० धरा, रीत तीच.

आता एकच सूत्र लागतं, १९०३ साली त्सिओलकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञानं मांडलेलं. पाहिजे असलेला वेग भागिले इंजिनातून वायू बाहेर पडण्याचा वेग, आणि येईल त्याचा 'ई'वर (म्हणजे २.७१८ वर) घातांक. येणारा गुणक सांगतो की निघताना वजन किती पट हवं. मिथेन आणि द्रवरूप ऑक्सिजनच्या इंजिनात वायू सेकंदाला साधारण ३.६ किलोमीटरनं बाहेर पडतो. मंगळाच्या जवळच्या कक्षेतून घराकडे निघायला सुमारे २.१ किलोमीटर प्रति सेकंद हवेत: गुणक १.८. म्हणजे ४० टन घरी आणायचे तर मंगळाभोवती ७२ टन हवेत. तिथे पोचल्यावर इंजिनानं वेग मोडून कक्षेत थांबायला पुन्हा तेवढाच वेग: ७२ चे १३०. पृथ्वीच्या कक्षेतून मंगळाकडे निघायला ३.६: गुणक २.७. १३० चे ३५०.

चाळीस टनांचे साडेतीनशे! यात टाक्यांचं आणि इंजिनांचं वजन अजून धरलेलंच नाही. पुतणीनं तीनदा पडताळा घेतला.

या पानावरून एक आकडा काढून कव्हरच्या आत लिहून ठेवा: जहाजाबरोबर जाऊन परत येणाऱ्या प्रत्येक किलोमागे पृथ्वीच्या कक्षेत पावणेनऊ किलो. आणि कक्षेत एक किलो न्यायचा तर जमिनीवर रॉकेटचं वजन साधारण वीस-पंचवीस किलो लागतं. एखादं किलोभराचं पुस्तक कुणी 'असू दे सोबत' म्हणून घेतलं, तर प्रक्षेपणतळावर त्याचे जवळपास दोनशे किलो होतात. भांडारात 'असू दे' या शब्दाची मला पहिल्यापासून चीड आहे.

याला उतारे आहेत. मंगळाच्या हवेला घासून वेग कमी केला तर थांबायचं इंधन वाचतं. मुक्कामाचं घर आणि सामान आधीच्या खेपेला, माणसांशिवाय, पुढे पाठवता येतं. आणि निघण्याआधी कचरा टाकून द्यायचा: रिकामी पाकिटं, फाटके कपडे, बिघडलेले भाग. हिशेबाच्या वहीत मी पहिल्यांदाच कचऱ्याला जमेच्या बाजूला बसलेलं पाहिलं.

मंगळावरून वर येणं, आणि २३८ वर्षं

जमिनीवरून मंगळाच्या कक्षेत यायला वेगळं रॉकेट लागतं. नासाचा अंदाज आहे की चार माणसांना वर आणायला सुमारे ७ टन इंधन आणि २५ टन ऑक्सिजन लागेल. हा ऑक्सिजन घरून न्यायचा तर गुणकांनी कंबरडंच मोडतं. मंगळाच्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, मग तिथेच ऑक्सिजन का बनवू नये?

बनवून पाहिलाय. पर्सिव्हिअरन्सवर मॉक्सी नावाचं पेटीएवढं यंत्र होतं. एप्रिल २०२१ मध्ये त्यानं पहिल्यांदा ऑक्सिजन काढला. सोळा वेळा चालवलं, एकूण १२२ ग्रॅम निघाला, आणि सगळ्यात जोरात चाललं तेव्हा तासाला १२ ग्रॅम. आता कॅल्क्युलेटर घ्या. २५ टन म्हणजे अडीच कोटी ग्रॅम. भागिले बारा, भागिले चोवीस, भागिले तीनशे पासष्ट. २३८ वर्षं.

आकडा पाहून पुतणी हसत सुटली. पण मला ते यंत्र फार आवडलं. परक्या ग्रहाच्या हवेतून श्वासाची चीज काढता येते, हे त्यानं दाखवलं. उरला प्रश्न आकाराचा: तेच काम सव्वीस महिन्यांत उरकायला त्याच्या शंभरपटींहून मोठं यंत्र लागेल, आणि ते चालवायला वीज. सूर्यप्रकाश तिथे पृथ्वीच्या ४३ टक्केच. वर धूळ. २०१८ च्या वादळात चौदा वर्षांहून जास्त चाललेली ऑपॉर्च्युनिटी गाडी वीज न मिळाल्यानं कायमची गप्प झाली. म्हणून लहान अणुभट्टीचा विचार करतात. तसल्या एका भट्टीची २०१८ मध्ये पृथ्वीवर चाचणी झालेली आहे.

वहीत या पानावर तांबड्यानं एक अट लिहा: खाली ऑक्सिजनची टाकी भरल्याचा संदेश आल्याशिवाय वरून माणसं निघणार नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

उतरणं

हे पान आमचं तीनदा फाटलं. मंगळाच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी. यान जाळून काढायला ती हवा पुरते, थांबवायला पुरत नाही. आजवर उतरवलेलं सगळ्यात जड यान पर्सिव्हिअरन्स, एक टनाच्या जरा वर. त्याला साडेएकवीस मीटर व्यासाची हवाई छत्री लागली, आणि छत्रीखालीसुद्धा यान ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेगानं खाली येत होतं. शेवटचा वेग उलट्या रॉकेटांनी मोडला.

माणसांचं घर किंवा परतीचं रॉकेट उतरवायचं तर किमान वीस टन. वीसपट वजनाला छत्रीचं क्षेत्रफळ वीसपट हवं, म्हणजे व्यास साडेचारपट: ९६ मीटर. ध्वनीपेक्षा जास्त वेगात शंभर मीटरची छत्री न फाटता उघडायची. अशी कुणी उघडलेली नाही. म्हणून मोठ्या यानाला वरपासूनच इंजिनं लावून उतरावं लागेल. त्याचं इंधन म्हणजे पुन्हा वजन, आणि वजन म्हणजे पुन्हा कव्हरच्या आतला तो आकडा.

शिवाय एक अडचण वजनाच्या रकान्यात बसत नाही. घर, अणुभट्टी आणि परतीचं रॉकेट एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर उतरायला हवं. वीस किलोमीटर लांब पडलेली कोठी ही कोठी नव्हे.

खाणं, पाणी, आणि हाडांचा चुना

अन्न वेष्टनासह दिवसाला माणशी १.८ किलो. चार माणसं, ९७२ दिवस: सात टन. पहिल्यांदा आम्ही वेष्टन विसरलो होतो. नवखा भांडारपाल नेहमी हीच चूक करतो, खोक्याचं वजन धरत नाही.

किती टिकलं पाहिजे, तेही काढा. सामान आदल्या खेपेला गेलं तर माणसं निघतानाच ते सव्वीस महिन्यांचं झालेलं असतं. त्यात बत्तीस मिळवा: अठ्ठावन्न. मंगळासाठी पाच वर्षं टिकणारं अन्न हवं असं म्हणतात, ते का, ते इथे कळलं. नुसतं खराब न होणं पुरत नाही. क आणि ब१ ही जीवनसत्त्वं पाकिटातल्या पाकिटात उडून जातात. आधी आलेलं आधी बाहेर, हा आमचा नियम तिथे जेवणाच्या टेबलावर पाळावा लागेल.

पाणी आम्ही पिणं-धुणं धरून दिवसाला माणशी दहा लिटर लिहिलं. एकूण ३९ टन. हे नेणं शक्य नाही, म्हणून वापरलेलं पाणी शुद्ध करून फिरवायचं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकानं २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्याची मजल गाठली. त्या हिशेबानं ३९ टनांऐवजी फक्त पाऊण टनाची भर लागते. टक्केवारी ९८ वरून ९० वर घसरली तर? जवळपास चार टन. आठ टक्क्यांच्या फरकापायी तीन टन! वहीत हा फरक जाड रेघेनं दाखवा.

आता एक गोष्ट सांगतो, जिच्यामुळे ती चौदा मुद्द्यांची यादी एकदम एकमेकांशी बोलायला लागली. भारहीन अवस्थेत माणसाची हाडं झिजतात. खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्का जाते. म्हणून स्थानकावर रोज दोनेक तास व्यायाम असतो. पण झिजलेल्या हाडातलं कॅल्शियम जातं कुठे? लघवीत. २००९ च्या सुमारास स्थानकावरचं लघवीतून पाणी काढणारं यंत्र तुंबलं. उघडून पाहिलं तर आत कॅल्शियम सल्फेट, म्हणजे साधं जिप्सम. लघवी टिकवायला सल्फ्युरिक आम्ल घालत होते, त्यातलं सल्फेट आणि माणसांच्या हाडातलं कॅल्शियम एकत्र येऊन यंत्रात चुना धरला होता. जमिनीवरच्या चाचण्यांत हे दिसलं नव्हतं, कारण जमिनीवरच्या माणसांची हाडं झिजत नव्हती. मग त्या यंत्रानं ८५ टक्क्यांऐवजी सत्तरच्या आसपासच पाणी काढायचं असं ठरलं, आणि पुढे सल्फ्युरिकच्या जागी फॉस्फरिक आम्ल आणलं.

हे वाचून मी वहीत हाडांच्या पानावरून पाण्याच्या पानाकडे बाण काढला. पुतणीनं मग स्वतःहून अकरा बाण काढले. तुमच्या वहीत बाण नसतील तर ती अजून यादीच आहे.

सुट्या भागांचं पान

नोकरीत असताना एकदा रात्रपाळीत एका पंपाचं सील गेलं. बोटात अंगठी म्हणून बसेल एवढी रबराची कडी. बिन कार्डावर शिल्लक चार, डब्यात शून्य. कुणीतरी नेली आणि लिहिली नव्हती, आणि मोजदाद मी पुढच्या महिन्यावर ढकलली होती. नवीन येईपर्यंत नऊ दिवस अख्खी लाइन बंद. ते नऊ दिवस मी कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

स्थानकावर भाग मोडला तर काही आठवड्यांत मालवाहू यान येतं. मंगळाचा इंडेंट भरायची खिडकी सव्वीस महिन्यांनी उघडते, आणि माल पोचायला वर आठ महिने. म्हणून प्रत्येक यंत्रासमोर तीन रकाने करा: किती भाग मोडू शकतात, कुठला भाग दुसऱ्या यंत्रालाही बसतो, आणि कुठला तिथल्या तिथे बनवता येतो. दुसरा रकाना लोक विसरतात. १९७० मध्ये चंद्राकडे निघून वाटेत बिघडलेल्या अपोलो १३ वर कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे भरपूर होते, पण मुख्य यानाचे चौकोनी आणि चंद्रावर उतरायच्या यानाचे गोल. पुठ्ठा, पिशव्या आणि चिकटपट्टीनं त्यांनी जमवलं. भांडारपालाच्या डोळ्यांनी पाहिलं तर तो आधी मापांचा घोळ होता, पराक्रम नंतरचा.

औषधंही याच पानावर. स्थानकावर एका अंतराळवीराच्या मानेतल्या शिरेत रक्ताची गाठ सापडली. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं मोजकी होती, ती पुरवून पुरवून वापरली आणि गोळ्या पुढच्या मालवाहू यानानं आल्या. मंगळाच्या वाटेवर ते 'पुढचं यान' खोडा आणि मग औषधांची यादी लिहा. लांबेल. लांबू द्या.

किरणोत्सर्ग

इथे फक्त गुणाकार आहे, पण तो टाळू नका. क्युरिऑसिटीवरच्या यंत्रानं प्रवासात मोजलं: दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणोत्सर्गाचं माप). मंगळाच्या जमिनीवर सुमारे ०.६५. प्रवासाचे ५१८ दिवस आणि मुक्कामाचे ४५४ धरले तर बाराशेच्या वर. नासाची अख्ख्या कारकिर्दीची मर्यादा ६००. ताळा जुळत नाही, आणि जुळवूनही घेऊ नका. तांबड्या शाईत तसाच ठेवा.

सौर वादळापासून आडोसा करता येतो. पाण्यात हायड्रोजन भरपूर असतो, म्हणून पाण्याचा आणि अन्नाचा साठा झोपण्याच्या जागेभोवती रचायचा, साठ्याचीच भिंत. ऑगस्ट १९७२ मध्ये मोठं सौर वादळ झालं. अपोलो १६ एप्रिलमध्ये परतलं होतं आणि १७ डिसेंबरमध्ये जायचं होतं, म्हणून कुणी वाटेत सापडलं नाही. दूरच्या ताऱ्यांकडून येणारे विश्वकिरण मात्र एवढ्या भिंतीला दाद देत नाहीत. त्यावर आज हाती असलेला उपाय म्हणजे प्रवासाचे दिवस कमी करणं. तेव्हा वेळापत्रकाच्या पानाकडे एक बाण.

माणसं

मॉस्कोत जून २०१० ते नोव्हेंबर २०११ सहा जणांना ५२० दिवस बंद ठेवून मंगळमोहिमेची तालीम केली. हळूहळू त्यांची हालचाल कमी झाली, झोपण्याचे तास वाढले, काहींचं दिवसरात्रीचं गणित बिघडलं. ह्यूस्टनला चौघं जण ३७८ दिवस अशाच घरात राहून जुलै २०२४ मध्ये बाहेर आले. या तालमींत एक गोष्ट आणता येत नाही: दार उघडलं तर बाहेर माणसं आहेत हे आतल्यांना ठाऊक असतं.

संदेशांचा उशीर मात्र घरी करून बघता येतो, आणि बघाच. मंगळावर संदेश पोचायला अंतराप्रमाणे ३ ते २२ मिनिटं लागतात. आम्ही एका रविवारी २० मिनिटं धरली. ती एका खोलीत, मी दुसऱ्या. चिठ्ठी दाराखालून सरकवायची, गजर वाजेपर्यंत दुसऱ्यानं उचलायची नाही. तिची पहिली चिठ्ठी: "कोनमापक कुठे आहे?" वीस मिनिटांनी मी वाचली, लिहिलं, "दुसऱ्या खणात." तिला ते चाळीस मिनिटांनी मिळालं. तोवर तिनं वाटी उपडी ठेवून वर्तुळ काढलं होतं आणि कोन अंदाजानं मारले होते, चुकीचे. तिसऱ्या चिठ्ठीपासून ती प्रश्न विचारायचीच थांबली. 'असं केलंय, चूक असेल तर कळवा' असं लिहायला लागली. मंगळावरच्या माणसांनाही असंच काम करावं लागेल, आणि पृथ्वीवरच्यांना ते सोसावं लागेल. त्यात सूर्य मध्ये आला की जवळपास दोन आठवडे संपर्कच नाही.

मुक्कामाच्या पहिल्या काही दिवसांत काम लिहू नका. सहा महिने वर राहून परतलेल्यांना कुपीतून उचलून खुर्चीत बसवतात. मंगळावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्केच आहे खरं, पण उचलायला कुणी नसणार. आणि तिथल्या मातीत पर्क्लोरेट नावाचे क्षार आहेत, थायरॉइडला घातक. बूट आणि पोशाख घराबाहेरच राहतील अशी सोय लिहा.

शेवटची मोजदाद

वही भरली की एक खेळ करा. एकानं कुठलीही एक वस्तू खोडायची, दुसऱ्यानं बाणांवरून माग काढत काय काय थांबतं ते सांगायचं. पुतणीनं पहिल्याच फेरीत माझ्याकडे बघत बघत पंपाची कडी खोडली.

मी माग काढला. कडी नाही तर लघवीचं यंत्र बंद. यंत्र बंद तर पाणी ९८ वरून खाली. पाण्याचा साठा ओढला तर झोपण्याच्या जागेभोवतीची भिंत पातळ, आणि तेवढ्यात सौर वादळ आलं तर किरणोत्सर्गाच्या पानावरचा तांबडा आकडा आणखी वर. मग तिनंच कडी परत लिहिली, पुढे संख्या टाकली बारा, आणि कंसात 'मोजून'.

सगळ्यात शेवटी वही सुलटी केली. पहिल्या पानावरचं रंगीत रॉकेट तसंच होतं. कक्षेत शंभर टन नेणारं ते एक रॉकेट धरलं तर साडेतीनशे टनांना चार लागतात, तेही नुसत्या परतीच्या जहाजासाठी. घर, भट्टी, मंगळावरून वर येणारं रॉकेट यांचा हिशेब वेगळा. तिनं चित्र खोडलं नाही. शेजारी उरलेल्या जागेत पेन्सिलीनं आणखी तीन काढली आणि म्हणाली, "काका, बाकीची मागच्या बाजूला काढते."